कोणाचं खाचर ते ओळखू आलं पाहिजे



या व्यासपीठावर आजवर शेतीवर, शिक्षणावर, सत्याग्रहावर बोलणारी मोठी माणसं येऊन गेली. आज कॅमेऱ्यावर बोलायचं आहे. आमच्या सरांनी शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात यॅशिका कॅमेरा अडकवून हा मुळशी तालुका पायी पालथा घातला, म्हणून त्यांच्या स्मृतिदिनी हा विषय घ्यावा असं संयोजकांनी सुचवलं. त्या कॅमेऱ्याला पुढे दोन भिंगं होती, एकाखाली एक. छातीशी धरायचा आणि वरून काचेत डोकवायचं. आठवीत असताना मी पहिल्यांदा डोकावलो, तेव्हा समोरचा डोंगर त्यात डाव्याचा उजवा झालेला दिसला. एका रोलमध्ये बारा फोटो. सर एकेका फोटोसाठी अर्धा अर्धा तास बांधावर बसून राहायचे आणि पिशवी धरून मी शेजारी उभा असायचो. पुढे चाळीस वर्षं मी याच धंद्यात काढली. लग्नं काढली, बारशी काढली, सातबाऱ्याच्या भांडणासाठी शेतांचे फोटोही काढले. आज जे सांगणार आहे त्याचं मूळ त्या बांधावर आहे.

सुरुवात मागच्या पावसाळ्यातल्या एका गोष्टीपासून करतो. भाताची आवणी संपत आली होती. धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला एक उतार आहे, पायऱ्यापायऱ्यांची खाचरं आहेत. एका सकाळी, धुकं अर्धवट उठलेलं असताना, मी त्याच जागेवरून दोन फोटो काढले. एक फोनवर. फोन भाच्याचा, नवा, एकशे आठ मेगापिक्सेलचा. दुसरा माझ्या जुन्या हॅसलब्लाडवर. त्याच्या पाठीला फिल्मच्या डब्याऐवजी वीस वर्षांपूर्वीची डिजिटल बॅक लावलेली, सोळा मेगापिक्सेलची. दोन्ही फोटो चौकोनी कापून वीस बाय वीस इंचांत छापले आणि गावातल्या सभागृहात शेजारी शेजारी लावले. कोणता कशावर काढला ते लिहिलं नव्हतं.

लोक आले. फोनच्या फोटोपुढे उभे राहून म्हणाले, छान आहे, हिरवंगार आहे. मग दुसऱ्यापुढे आले आणि बोट पुढे झालं. हे आमचं खाचर. हा बांध आषाढात फुटला होता, बघा इथे नवी माती घातलेली दिसतेय. हे वरचं दोन दिवस मागे राहिलं, मजूर मिळाले नाहीत, म्हणून रोपं अजून पिवळी आहेत. एक आजी बराच वेळ बघत होत्या. त्यांनी कोपऱ्यात, उंबराखाली, एक काळपट ठिपका दाखवला आणि म्हणाल्या, ही आमची राबाची जागा, रोपांसाठी भाजतो ती. मी तो फोटो संगणकावर तासन् तास बघितला होता. राब मला दिसला नव्हता.

चित्राची गुणवत्ता कशाला म्हणायची याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. ज्याचं खाचर आहे त्याला ते चित्रात ओळखू आलं पाहिजे. काढणाऱ्याला जे कळलं नव्हतं तेही बघणाऱ्याला सापडलं पाहिजे. याहून दुसरी कसोटी मी आता मानत नाही. तेव्हा सोळाने एकशे आठला मागे का टाकलं, ते नीट समजून घेऊ.

सेन्सर म्हणजे प्रकाश गोळा करणाऱ्या बारीक घरांची जाळी. घरांची संख्या म्हणजे मेगापिक्सेल. दुकानात ती संख्या सांगतात, घर केवढं ते सांगत नाहीत. माझ्या बॅकचा सेन्सर सदतीस मिलिमीटरचा चौकोन आहे आणि एकेक घर नऊ मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या नऊपट. एकशे आठ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये हे घर साधारण पाऊण-एक मायक्रॉनचं असतं. ०.८ धरलं तर क्षेत्रफळात माझ्या बॅकचं घर सव्वाशे पट मोठं भरतं.

याने फरक काय पडतो, हे मुळशीकरांना पावसाच्या भाषेत पटकन समजेल. ताम्हिणीला एका मोसमात सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे आपल्याला थेंबांचं शिक्षण वेगळं लागत नाही. भुरभुर सुरू झाली की अंगणात दहा पेले ओळीने ठेवा आणि लगेच उचला. कुणात सात थेंब, कुणात अकरा, कुणात पाच. पाऊस सगळीकडे सारखाच पडत होता, पण पेल्यांवरून बघाल तर अंगणात जागोजागी निराळा पाऊस झाला असं वाटेल. त्याच जागी दहा घंगाळी ठेवा आणि थोडा वेळ थांबा. प्रत्येकात हजारेक थेंब पडतील आणि घंगाळ्याघंगाळ्यात फरक असेल तो शेकडा तीनच्या आसपास. प्रकाशही थेंबाथेंबानेच येतो. छोट्या घरात तो कमी पडतो, म्हणून शेजारशेजारची घरं वेगवेगळं सांगू लागतात आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. फोन ते दाणे पुसतो. एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो, बाजूबाजूची घरं एकत्र करतो आणि उरलेलं गुळगुळीत करतो. आकाशाला, भिंतीला, गालाला हे चालून जातं. भाताच्या रोपांना चालत नाही. धुक्यातलं रोप आणि धुक्यातला दाणा यांतला फरक फोनला कळत नाही, म्हणून दाण्याबरोबर रोपही पुसलं जातं आणि तिथे हिरवा रंग फासलेला राहतो.

माझ्याकडे घर मोठं होतं आणि वेळही होता. कॅमेरा ट्रायपॉडवर, छिद्र एफ ११ वर, शटर पाव सेकंद. वारा थांबायची वाट बघत वीस मिनिटं उभा होतो.

दुसरं कारण भिंगाचं. प्रकाशाचा बिंदू भिंगातून गेल्यावर बिंदू राहत नाही, त्याची छोटी टिकली होते. भिंग कितीही उत्तम असलं तरी हे टळत नाही, तो प्रकाशाचा स्वभाव आहे. एफ १.८ च्या छिद्रातून हिरव्या प्रकाशाची ही टिकली साधारण २.४ मायक्रॉनची पडते. फोनचं घर ०.८ मायक्रॉनचं. म्हणजे एकाच टिकलीत तीन घरं आडवी आणि तीन उभी बसतात. ती नऊ घरं मिळून जवळपास एकच गोष्ट सांगत असतात, पण मोजताना नऊ मोजली जातात. शिवाय प्रत्येक घरापुढे लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही जवळजवळ सगळीकडे वापरतात. म्हणजे प्रत्येक घराचे दोन रंग शेजाऱ्यांना विचारून ठरवलेले असतात. शेजारीच अडखळत असतील तर रंगही अडखळतात.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते आहे पांढऱ्याचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळं पांढऱ्यात चालतं. धुकं, ढग, धबधब्याचे तुषार, खाचरात साचलेलं आभाळ. साध्या जेपीईजी फाईलमध्ये एका रंगाच्या उजेडाला दोनशे छप्पन पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या मूळ फाईलमध्ये सोळा हजारांवर. उन्हातल्या चित्रात दोनशे छप्पन पुरतात. धुक्यात सगळा डोंगर त्यांतल्या वीस-पंचवीस पायऱ्यांत बसवायचा असतो, आणि तिथे करवंदीची जाळी, कातळ आणि गवत एकाच पायरीवर येऊन बसतात. मग छापताना कितीही ओढाताण केली तरी ते वेगळे होत नाहीत. तुम्ही अंधारबनातून आणलेले फोटो घरी आल्यावर फिके, सपाट वाटतात त्याचं कारण हे आहे. धुकं तिथे होतंच, पण त्याचे थर होते. थर गेले आणि चादर उरली.

हे सगळं प्रामाणिकपणे सांगायचं तर पुढचंही सांगायला हवं. आज बाजारात मिळणारा चांगला पूर्ण आकाराचा डिजिटल कॅमेरा, म्हणजे चोवीस बाय छत्तीस मिलिमीटर सेन्सरचा, माझ्या वीस वर्षांच्या बॅकला जवळपास प्रत्येक मोजमापात हरवतो. अंधारात तर तुलनाच नको. माझी बॅक शंभर आयएसओच्या पुढे गेली की धापा टाकते. तिच्यात सीसीडी जातीचा सेन्सर आहे. बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये या तंत्राचा पाया घातला आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आयुका या खगोल संस्थेची गिरवलीला दोन मीटरची दुर्बीण आहे, तिथेही ताऱ्यांचा उजेड सीसीडीनेच टिपतात. पण तिथे तो अतिथंड ठेवतात, म्हणून लांबलचक वेळ उघडा ठेवता येतो. माझा सेन्सर ताम्हिणीच्या उकाड्यात तापतो आणि काही सेकंदांतच त्याला ताप चढल्यासारखे रंगीत ठिपके उठतात. सीसीडीचा रंग निराळाच, फिल्मसारखा, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी अनेक वर्षं ऐकलं, तपासलं आणि माझं मत असं झालं आहे की त्यातला मोठा भाग पुढच्या रंगीत काचांचा आणि फाईल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. जातीचा फार थोडा.

तरुण मुलं मला विचारतात, काका, हॅसलब्लाडसारखी जुनी मिडियम फॉरमॅट घेऊ का, स्वस्तात मिळतेय. त्यांच्यासाठी इथे थोडं रेंगाळतो.

स्वस्त ती घेताना असते. हॅसलब्लाडची ही चौकोनी जात १९४८ मध्ये आली. ज्याच्या भिंगातच शटर बसवलेलं असतं तो ५०० सी १९५७ चा. यंत्र म्हणून ते अजून चालतं आणि माझ्या माघारीही चालेल. त्याचा एकच कडक नियम आहे : शटर चढवल्याशिवाय भिंग काढायचं नाही, चढवल्याशिवाय लावायचं नाही. चुकलात तर ते अडकून बसतं, आणि जोर लावलात तर दुरुस्ती महाग पडते. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजाराच्या गल्ल्यांत हे काम करणारे हात अजून आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांचे केस पांढरे झाले आहेत. फिल्मच्या डब्यात एक पातळ पट्टी असते, ती म्हातारी झाली की कडेने उजेड शिरतो आणि फोटोवर भाला मारल्यासारखी रेघ येते. पट्टी स्वस्तच, पण बदलायचं सुचलं पाहिजे.

जुनी डिजिटल बॅक ही मात्र वेगळी गोष्ट. ती अर्धी यंत्र आणि अर्धी संगणक, आणि संगणकाचा अर्धा भाग लवकर मरतो. मी घेतलेली पहिली बॅक एका दलालाकडची. महिन्याभरात तिच्या चित्राच्या मधोमध उभी रेघ आली. दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं, सुटे भाग बनायचेच थांबले आहेत. पैसे गेले. दुसरी घेताना शहाणपण आलं : एक कोऱ्या पांढऱ्या कागदाचा आणि एक झाकण लावून काढलेला काळा फोटो, दोन्ही शंभर टक्के मोठे करून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बॅटरी फुगलेली नाही ना, कार्ड कोणतं लागतं, ते अजून मिळतं का, फाईल आजच्या संगणकावर उघडते का, हे विचारायचं. अशा बॅकच्या सेन्सरपुढे चित्र किंचित मऊ करणारा पडदा नसतो, म्हणून पान न् पान सुटं येतं. पण त्याच कारणाने पैठणीच्या जरीवर किंवा चादरीच्या विणीवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात. फिल्मची चौकट छप्पन मिलिमीटरची आणि सेन्सर सदतीसचा, त्यामुळे ऐंशीचं भिंग दीडपट लांब होतं आणि अरुंद घाटात पाठ कातळाला टेकली तरी पूर्ण धबधबा मावत नाही. फोकसची काच केसभर सरकली असेल तर फिल्मवर कळत नव्हतं, सेन्सरवर कळतं. नव्याने घ्यायचं म्हटलं तर २०१९ नंतर आलेल्या बॅका १९५७ पासूनच्या बहुतेक जुन्या शरीरांना लागतात, ही त्या कंपनीची मोठी कृपा आहे. पण किंमत लाखांत. आमच्यासारख्यांनी त्या बघाव्यात आणि पुढे जावं.

आणि आपल्या हवेत सगळ्यांत मोठा शत्रू बुरशी. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत बंद करून कपाटात टाकलात तर दिवाळीला भिंगात कोळ्याचं जाळं दिसेल. सरांच्या यॅशिकाचं वरचं भिंग असंच गेलं. सुदैवाने ते फक्त बघायचं भिंग होतं. मी पत्र्याचा घट्ट डबा वापरतो, त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत परतून पुन्हा निळे करायचे. पंचवीस वर्षांत माझ्या एकाही भिंगाला डाग पडलेला नाही.

मग इतकं करून ही यंत्रं वापरायची कशाला? माझं उत्तर सरळ आहे. जड कॅमेरा खांद्यावर घेऊन चढलेला माणूस वर जाऊन दहा मिनिटं बसतो. बारा फोटोच आहेत म्हणून तेरावा विचार आधी करतो. चौकोनी काचेत सगळं उलटं दिसतं म्हणून ओळखीचा डोंगर त्याला पुन्हा नवा बघावा लागतो. हे बसणं, थांबणं, बघणं चित्रात उतरतं. ज्याला हे नको आहे, त्याने जुनी मिडियम फॉरमॅट घेऊ नये. भिंतीवर मिरवायला तर मुळीच घेऊ नये. फोनवरही हे करता येतं, पण फोन माणसाला बसू देत नाही.

आता मी तुम्हाला जे सांगायला आलो आहे तिथे येतो.

मिडियम फॉरमॅट म्हटलं की श्रीमंतांची, स्टुडिओवाल्यांची गोष्ट वाटते. होमाई व्यारावालांच्या हातातला रोलायफ्लेक्स आठवतो, अपोलोचा हॅसलब्लाड आठवतो. पण या सभागृहातल्या निम्म्या घरांत मिडियम फॉरमॅट होऊन गेला आहे. त्याचं नाव आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीज तो बनवायची. काळा प्लास्टिकचा डबा, एक साधं भिंग, मागे लाल काचेची खिडकी आणि तिच्यातून दिसणारे कागदावरचे आकडे. त्यात पडायचा तो एकशे वीसचा रोल, कोडॅकने १९०१ मध्ये आणलेला. तोच रोल रोलायफ्लेक्समध्ये, तोच हॅसलब्लाडमध्ये, तोच सरांच्या यॅशिकात. सव्वादोन इंची चौकोनी निगेटिव्ह. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा साडेतीन पट मोठी. मुंबईला गिरणीत नोकरीला असलेला काका गणपतीला गावी येताना तो कॅमेरा घेऊन यायचा, ओसरीपुढे सगळ्यांना उभं करायचा आणि ऊन आहे की ढग एवढंच बघून कळ दाबायचा. मोठा फोटो करायला पैसे कुणाकडे होते? निगेटिव्हएवढाच फोटो छापून घ्यायचा, अल्बमच्या काळ्या कागदावर चार कोपरे चिकटवून बसवायचा. त्यात चेहरे मोहरीएवढे. लोकांचा समज झाला की फोटो तेवढाच आहे.

तीन वर्षांपूर्वी एका घरातून मला एक पत्र्याची पेटी मिळाली. लग्नपत्रिका, रेशनकार्डं, आणि एका लिफाफ्यात अकरा निगेटिव्ह. क्लिक थ्रीच्या, १९७०-७२ च्या असाव्यात. घरच्यांना त्या फेकायच्या होत्या, कारण फोटो अल्बममध्ये आहेतच. मी मागून घेतल्या आणि स्कॅनरवर बत्तीसशे डीपीआयला घातल्या. त्या मापाला सव्वादोन इंची निगेटिव्ह सात हजार बाय सात हजार बिंदूंची होते, जवळजवळ पन्नास मेगापिक्सेल. त्या साध्या भिंगाने तेवढा तपशील दिलेला नसतो, कडा मऊच असतात, हे खरं. पण मध्यभागात जे होतं ते छापील फोटोत कुणी कधी बघितलंच नव्हतं. ओसरीवर कणगी. खुंटीला इरलं. दारावरच्या गणेशपट्टीचं कोरीवकाम. आणि गटाच्या मागे, जरा उजवीकडे, पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन चाललेला एक माणूस. फोटोत येण्यासाठी तो थांबलेला नव्हता, आपल्या कामाने निघाला होता.

मी ते मोठं करून छापलं आणि घरी नेऊन दिलं. शेजारचे एक गृहस्थ बघायला आले. साठीकडे झुकलेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हा आमचा बाप. ते सहा वर्षांचे असताना वडील गेले होते आणि त्यांच्या घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. पन्नास वर्षं तो शेजारच्या घरात, पेटीत, पाच मिलिमीटर उंचीचा उभा होता.

मित्रहो, चित्राच्या गुणवत्तेचा हा दुसरा अर्थ. मूळ निगेटिव्हमध्ये जे साठलं आहे ते आजच्या साधनाने दिसतं, उद्याच्या साधनाने आणखी दिसेल. अपोलो ११ चे अंतराळवीर १९६९ मध्ये कॅमेरे चंद्रावर सोडून आले, पण फिल्मचे डबे बरोबर आणले. जवळपास चाळीस वर्षांनी त्याच फिल्म्स शीतकोठारातून काढून नव्या स्कॅनरवर घातल्या आणि आधीच्या प्रतींत न दिसलेलं पुष्कळ त्यांत दिसलं. आपल्या पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हेच काम करत आलं आहे. आणि जपलं नाही किंवा जपताना घात झाला तर काय होतं तेही पुण्याने पाहिलं आहे : २००३ मध्ये कोठाराला आग लागून नायट्रेटच्या फितीवरचे कितीतरी जुने चित्रपट गेले. आपल्या घरातल्या एकशे वीसच्या निगेटिव्ह तशा भडका घेणाऱ्या नाहीत. त्या हळू मरतात. दमट हवेत त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागतो, मग त्या वाकतात, आक्रसतात आणि वरचा थर सुटतो. असा वास आला की वर्षांचा हिशेब करू नका, आठवड्यांचा करा.

डिजिटलबद्दलही मी निर्धास्त नाही. २००४-०५ मध्ये मी काढलेल्या भातशेतीच्या शेकडो फाइली एका हार्डडिस्कसकट गेल्या. दुसऱ्या शेकडो आहेत, पण त्या उघडणारं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही. त्यासाठी एक जुना लॅपटॉप मी म्हाताऱ्या बैलासारखा सांभाळतो आहे. तुम्ही नवे फोटो काढता त्यांची गत वेगळी नाही. व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेला फोटो मूळ फोटो नसतो, तो बारीक करून, पिळून पाठवलेला असतो. मूळ फोनमध्ये राहतो, आणि फोन दोन-तीन वर्षांत बदलतो. म्हणजे १९७१ च्या लग्नाची सव्वादोन इंची निगेटिव्ह पेटीत शिल्लक आहे आणि २०१५ च्या लग्नाचं काहीच नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. लग्नाच्या फाइली तीन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक जागा दुसऱ्या घरात असू द्या, आणि दहा तरी फोटो चांगल्या कागदावर छापून घ्या.

मी हे इतक्या पोटतिडकीने का सांगतो आहे, त्याचं कारण माझ्या आजोळचं आहे. माझ्या आजीचं माहेर मुळशी धरणात गेलं. १९२१ मध्ये रामनवमीला त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ती लहान होती. सेनापती बापटांचं नाव ती घरातल्या माणसासारखं घ्यायची. पुढे पाणी चढलं, १९२७ मध्ये खाली भिऱ्याला वीजघर सुरू झालं, आणि तिची वाडी, विहीर, आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली गेली. मे महिन्यात पाणी खाली सरकलं की ती आम्हाला कडेला नेऊन बोटाने दाखवायची, तिथे देऊळ, तिथे आमचं जोतं. आम्हाला भेगाळलेला गाळ दिसायचा. ती गेली आणि ते दाखवणारं बोटही गेलं. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा एकशे वीसचा रोल जगात येऊन वीस वर्षं झाली होती. आमच्या घरात त्या वाडीचं एकही चित्र नाही.

आता हा तालुका पुन्हा बदलतो आहे आणि या वेळी त्याला पाण्याची गरज नाही. पौडपासून वर जाताना दर वर्षी काही खाचरं सपाट होतात, बांध मोडतात, प्लॉटचे खांब उभे राहतात. कोण चूक, कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. जमीन ज्याची त्याने काय करावं ते तो ठरवेल. पण मोडण्याआधी तिचं एक चांगलं चित्र असलं पाहिजे, ज्यात तिचा बांध दिसेल, उंबर दिसेल, राबाची जागा दिसेल. हे काम शहरातून रविवारी येणाऱ्या फोटोवाल्यांचं नाही. त्यांना धबधबा हवा असतो आणि त्यात काही वावगं नाही. हे काम इथल्या मुलांचं आहे. कॅमेरा कोणताही घ्या. फोन असेल तर तो दगडावर टेकवा, मूळ फाईल जपून ठेवणारी सोय सुरू करा, सकाळी लवकर जा, आणि मागे नाव लिहा : गाव, शिवार, खाचराचं नाव, तारीख. खाचरांना नावं असतात, ती आजोबांना विचारा.

सरांच्या निगेटिव्ह त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे दिल्या आहेत. सहाशेच्या वर आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच आजवर स्कॅन झाल्या. प्रत्येकीच्या लिफाफ्यावर सरांच्या बारीक अक्षरात जागा आणि दिवस लिहिलेला आहे. त्या सगळ्या पूर्ण करून, एक प्रत शाळेला आणि एक ज्या ज्या गावची चित्रं आहेत त्या गावाला द्यायची, असं आम्ही ठरवलं आहे.

तुम्ही आज घरी गेलात की माळ्यावरची पेटी, देव्हाऱ्याखालचा खण, आजीची ट्रंक एकदा उघडून बघा. निगेटिव्ह सापडल्या तर ओल्या फडक्याने पुसू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढू नका. कडेने धरा, साध्या कागदाच्या घडीत एकेक ठेवा आणि घेऊन या. पैसे लागणार नाहीत आणि निगेटिव्ह त्याच दिवशी परत मिळतील. येणाऱ्या प्रत्येक रविवारी सकाळी दहापासून मी सरांच्या जुन्या चित्रकलेच्या वर्गात बसणार आहे. स्कॅनर तिथेच असेल. येताना घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणा, चित्र मोठं झाल्यावर त्यात कोण कोण आहे ते सांगायला.